मालकाचे मन आणि कलम १४

नाशिकच्या काळाराम मंदिराविषयी जुन्या गॅझेटियरपासून पंचवटीतल्या वाटाड्यांपर्यंत सर्वत्र एकच माहिती आढळते. सरदार रंगराव ओढेकरांनी हे मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधले, दोन हजार माणसे बारा वर्षे राबत होती, आणि खर्च २३ लाख रुपये आला. रामशेजच्या डोंगरातून आणलेला एकेक दगड उकळत्या दुधात टाकून पारखला गेला, अशी आख्यायिकाही त्यापुढे जोडलेली असते. मात्र एक प्रश्न कोणी विचारल्याचे आमच्या वाचनात नाही. हे २३ लाख मूळ अंदाजातले होते, की काम चालू असताना वाढत गेले?

हा प्रश्न कोणाला सुचत नाही, याला कारण आहे. परंपरा जी हकीकत सांगते तीत मंदिर बांधवणारा, पैसे देणारा आणि ‘हे असे नको, तसे करा’ असे सांगणारा माणूस एकच आहे. त्याने मंडपाचा घाट मध्येच बदलला असेल तर त्याची झळ त्याच्याच तिजोरीला लागली. मालकाने मन बदलावे आणि मालकानेच ते भरून द्यावे, हा व्यवहार सरळ आहे. त्यात हिशेब तपासायला तिसरा माणूस लागत नाही.

आजच्या सार्वजनिक कामात या एका माणसाची चार माणसे झाली आहेत. मालकी जनतेची, पैसा तिजोरीचा, हुकूम अभियंत्याचा आणि काम कंत्राटदाराचे. करार झाल्यानंतर मालकाच्या आदेशाने कामात होणाऱ्या बदलाचा, म्हणजे आपल्याकडच्या कचेरीच्या भाषेत ‘वाढीव कामा’चा आणि ‘जादा बाबी’चा इतिहास हा आमच्या मते या चार माणसांच्या फारकतीचा इतिहास आहे. विषय रुक्ष आहे हे आम्ही जाणतो. पण ज्या धरणाचे पाणी आपण पितो आणि ज्या पुलावरून घरी जातो ते या रुक्षतेतूनच उभे राहिले आहेत. म्हणून वाचकांनी थोडा धीर धरावा.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. करारानंतर बदल म्हणजे लबाडीच, असे नव्हे. पाया खणेपर्यंत जमीन आपले पोट दाखवत नाही. वरून मुरूम दिसतो आणि खाली कधी काळी माती निघते, तर कधी असा कातळ लागतो की पहार उलटी फिरते. अशा वेळी मूळ नकाशाला चिकटून राहणे हाच मूर्खपणा ठरेल. दुसरीकडे, कराराचा सर्वसाधारण न्याय असा की दोघांनी जे ठरवले ते एकाला परस्पर बदलता येत नाही. हा न्याय बांधकामाला तंतोतंत लावला तर दर खड्ड्यापाशी नवा करार करावा लागेल. म्हणून मालकाला बदल सांगण्याचा अधिकार करारातच आधी लिहून ठेवण्याची युक्ती निघाली. युक्ती अपरिहार्य होती. तिची किंमत कोणी मोजावी, एवढाच खरा वाद आहे.

हा वाद नाशिक जिल्ह्याच्या वेशीवर प्रथम आला तो रेल्वेबरोबर. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने १८४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी करार केला. त्यात भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी होती. नफा झाला नाही तरी भागधारकाला पाच टक्के मिळणार आणि तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरली जाणार, असा त्याचा अर्थ. पुढे सह्याद्री चढण्यासाठी दोन वाटा निघाल्या, पुण्याकडे भोर घाट आणि नाशिककडे थळ घाट. मुख्य अभियंता होते जेम्स बर्कले. थळ घाटाचे कंत्राट वाइद्स आणि जॅक्सन यांच्याकडे होते. नऊ मैलांहून थोड्या अधिक अंतरात ९७२ फूट चढायचे आणि चढाव कोठेही ३७ फुटांना एक फूट याहून तीव्र होऊ द्यायचा नाही, असे ते काम होते. १ जानेवारी १८६५ रोजी गाडी इगतपुरीला पोचली. बर्कले त्याआधीच, १८६२ मध्ये, वारले होते.

भोर घाटाची कथा अधिक बोलकी आहे. तेथील पहिला कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल याने १८५९ मध्ये काम सोडले. त्याच वर्षाच्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला होता. नंतर सॉलोमन ट्रेडवेल आला आणि आल्यानंतर थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट आपल्या अंगावर घेतले आणि विश्वासू अभियंत्यांच्या हातून ते तडीस नेले. १८६३ मध्ये घाट खुला झाला. चारच वर्षांनी, १८६७ मध्ये, त्यातला एक मोठा पूल कोसळला. या सगळ्या उलथापालथीत एक गोष्ट मात्र ढळली नाही, ती म्हणजे लंडनमधल्या भागधारकाची पाच टक्क्यांची हमी. कंत्राटदार बदलला, मजूर उपाशी राहिला, पूल पडून पुन्हा बांधला गेला. या साऱ्याचा अंतिम भार जो वाहणार होता त्या नाशिकच्या किंवा सोलापूरच्या शेतकऱ्याला मालक म्हणून कोणी विचारले नाही. हुकूम देणारा एक आणि पैसे भरणारा दुसरा, ही फारकत आपल्याकडे इतक्या मोठ्या प्रमाणावर प्रथम येथे दिसते.

याच सुमारास, १८५४ मध्ये, डलहौसीच्या कारकिर्दीत सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले. त्या खात्याच्या परंपरेतून जे छापील करारनामे मुंबई इलाख्यात आणि पुढे महाराष्ट्रात रूढ झाले, त्यांत बी-१ आणि बी-२ ही नावे प्रत्येक कंत्राटदाराच्या तोंडी आहेत. बी-१ म्हणजे सरकारी अंदाजापेक्षा इतके टक्के कमी किंवा जास्त असे सांगून भरायची निविदा. बी-२ म्हणजे प्रत्येक बाबीचा दर वेगळा भरायची निविदा. या करारनाम्यांतील तीन कलमे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत.

कलम १४ प्रभारी अभियंत्याला नकाशात, तपशिलात आणि सूचनांत फेरफार करण्याचा अधिकार देते, आणि अशा फेरफाराने करार रद्द होणार नाही असे बजावते. नव्या कामाचा दर करारात नसेल तर दरसूचीतून घ्यायचा. तेथेही नसेल तर कंत्राटदाराने आदेश मिळाल्यापासून सात दिवसांत आपला दर कळवायचा. अभियंत्याला तो पटला नाही तर त्याने आदेश मागे घ्यावा आणि काम दुसऱ्याकडून करून घ्यावे. पण दर ठरण्याआधीच कंत्राटदाराने काम सुरू केले असेल, तर अभियंता ठरवील तो दर. त्यावर वाद झाला तर मंडळाच्या अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम. कलम १५ सांगते की सरकारने काम कमी केले किंवा थांबवले तर त्याबद्दल सर्वसाधारणपणे भरपाई मागता येणार नाही. कलम ३८ म्हणते की निविदेतील परिमाणे अंदाजे आहेत, ती पंचवीस टक्क्यांपर्यंत वाढली तरी दर तोच राहील, आणि त्यापुढच्या वाढीला, तिची किंमत ठरावीक रकमेहून अधिक असेल तर, चालू दरसूचीवरून काढलेला नवा दर लागेल.

ही कलमे पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटते की बिचारा कंत्राटदार हातपाय बांधून सरकारपुढे टाकला आहे. मालकाने वाटेल ते सांगावे, कंत्राटदाराने ते करावे, दर मालकाच्याच नोकराने ठरवावा आणि भांडण झाले तर निवाडा त्या नोकराच्या वरिष्ठाने द्यावा. छोट्या कंत्राटदारापुरते हे बरेचसे खरे आहे. मोठ्याच्या बाबतीत हीच कलमे उलट्या बाजूने कशी चालतात, हे पाहण्यासाठी आम्ही एक काल्पनिक गणित मांडतो.

समजा, बी-२ निविदेत दोन बाबी आहेत, मुरमाचे खोदकाम १,००० घनमीटर आणि कठीण खडकाचे १०० घनमीटर. पहिला ठेकेदार मुरमाला १०० रुपये आणि खडकाला ८०० रुपये भरतो. त्याची बेरीज १ लाख ८० हजार. दुसरा मुरमाला ६० आणि खडकाला १,१०० रुपये भरतो. त्याची बेरीज १ लाख ७० हजार. काम दुसऱ्याला मिळते, कारण त्याची निविदा कमी आहे. प्रत्यक्षात मुरूम निघतो ५०० घनमीटर आणि खडक १२५. आता पहिल्याच्या दराने काम १ लाख ५० हजारांत झाले असते, आणि दुसऱ्याला द्यावे लागतात १ लाख ६७ हजार ५००. नियम कोणीही मोडलेला नाही. वाढ पंचवीस टक्क्यांतच आहे. फक्त खडक किती निघणार हे दुसऱ्याला आधी कळले असावे, किंवा त्याच्या अंदाजाला दैव साह्य झाले असावे. बदलाचा अधिकार मालकाचा असतो, पण तो वापरला जाणार हे आधी ज्याला ठाऊक, त्याचाच तो खरा होतो.

कागदाच्या दुसऱ्या टोकाला ज्याच्याजवळ कागदच नाही तो उभा असतो. त्याच्यासाठी १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम ७० आहे. एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केले, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्या दुसऱ्याने मोबदला दिला पाहिजे, असा त्याचा आशय. या कलमाचा कस लागला तो बंगालमधील एका खटल्यात. १९४४ मध्ये तेथील नागरी पुरवठा खात्याच्या अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून बी. के. मोंडल अँड सन्स या पेढीने आरामबाग येथे कच्चा रस्ता, पहारेकऱ्यांची खोली, स्वयंपाकघर आणि कोठारे बांधली. खात्याने ती वापरली. पैसे मागताच उत्तर मिळाले की १९३५ च्या कायद्याला धरून रीतसर करार झालेला नाही, म्हणून देणे लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ च्या डिसेंबरात पेढीच्या बाजूने निकाल दिला. बांधलेली गोष्ट नाकारण्याचा हक्क सरकारला होता. ती ठेवून घेतल्यावर मात्र ‘करार कोठे आहे’ असे विचारता येणार नाही. या सतरा वर्षांच्या वाटचालीचा आम्हांला वाटणारा अर्थ असा की तोंडी हुकमाला कायद्यात आसरा आहे, पण तो आसरा मिळेपर्यंत तग धरण्याची ऐपत लागते.

आता पुन्हा नाशिककडे वळू. तीर्थक्षेत्र, द्राक्षे आणि नोटांचा छापखाना यांसाठी हे शहर सर्वांना माहीत आहे. ते पाण्याच्या अभियंत्यांचेही शहर आहे, हे बाहेर फारसे ठाऊक नसते. राज्यातील धरणांची रेखाटने जेथे होतात ती मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना येथे आहे. माती, काँक्रीट आणि पाण्याचे प्रवाह यांवर संशोधन करणारी ‘मेरी’ ही संस्था येथे आहे, आणि अभियंत्यांना शिकवणारी ‘मेटा’ ही प्रबोधिनीही येथेच आहे. म्हणजे बदलाचा आदेश राज्याच्या कोणत्याही कोपऱ्यात निघो, ज्या नकाशावरून तो ढळतो त्या नकाशाचे माहेर पुष्कळदा नाशिक असते.

या ‘मेटा’चे मुख्य अभियंता आणि राज्यस्तरीय तांत्रिक सल्लागार समितीचे सदस्य विजय पांढरे यांनी २०१२ मध्ये राज्यकर्त्यांना पत्रे लिहिली. सिंचन प्रकल्पांच्या किमती अवास्तव वाढवल्या गेल्या, कामे निकृष्ट झाली आणि सुमारे ३५ हजार कोटी रुपये वाया गेले, असा त्यांचा आरोप होता. त्याच वर्षीच्या राज्याच्या आर्थिक पाहणीत ओलिताखालील क्षेत्राचे एकूण पीकक्षेत्राशी प्रमाण २००१-०२ मधील १७.८ टक्क्यांवरून २००९-१० मध्ये १७.९ टक्के झाल्याचे दिसत होते. विदर्भातील ३८ प्रकल्पांची किंमत २००९ मधील काही महिन्यांत सुमारे ६,७०० कोटींवरून २६,७०० कोटींवर गेल्याचेही याच काळात प्रसिद्ध झाले. ‘सुप्रमा’, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, हा कचेरीतला शब्द त्या वर्षी प्रथमच घरोघरच्या वर्तमानपत्रांत पोचला.

सरकारने २०१२ च्या अखेरीस श्वेतपत्रिका काढली. भूसंपादन, पुनर्वसन, दरसूचीतील वाढ आणि प्रकल्पांच्या व्याप्तीतील बदल ही कारणे तीत होती. ती सर्वस्वी खोटी म्हणता येणार नाहीत. त्यानंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमले गेले. ज्यांना १९९३ मध्ये स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला तेच हे चितळे. त्यांचा अहवाल २०१४ मध्ये आला आणि त्याने कार्यपद्धतीतील अनियमिततांवर बोट ठेवले. त्या वर्षाच्या डिसेंबरात प्रकरण लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे गेले. कोण दोषी हे ठरवणे न्यायालयांचे काम आहे आणि ते आम्ही आमच्या शिरावर घेत नाही. आम्हांला येथे वेगळेच काही नोंदवायचे आहे. बदलाची कारणे वेगवेगळी असतात. जमीन महागली हे एक कारण, पायात कातळ लागला हे दुसरे, आणि धरणाची उंची कोणाच्या आग्रहावरून वाढली हे तिसरे. पण ‘सुप्रमा’च्या कागदावर ही तिन्ही एकाच बेरजेत मिसळतात. बेरीज झाल्यावर निसर्गाने केलेला बदल कोणता आणि माणसाने केलेला कोणता, हे सांगता येत नाही. ज्या अभियंत्याच्या अंगी ते वेगळे करून दाखवण्याची विद्या असते त्याने बोलावे लागते, आणि त्याचे बोलणे नोकरीला परवडत नाही.

नाशिकला आणखी एक मालक आहे, तो म्हणजे सिंहस्थ. गुरू सिंह राशीत येण्याची तारीख कोणत्याही कार्यकारी अभियंत्याला पुढे ढकलता येत नाही. मुदतवाढ नाही, म्हणून विचाराला सवड नाही. पर्वणीच्या घाईत रस्ता रुंद करा, घाट लांबवा, भिंत पाडा असे हुकूम तोंडी सुटतात आणि कागद मागाहून तयार होतो. गोदापात्रात स्नानाच्या सोयीसाठी काँक्रीट घातले गेले ते सिंहस्थाच्याच निमित्ताने. पुढे त्याखाली जुनी कुंडे गाडली गेल्याचे सांगत ते काँक्रीट काढावे म्हणून नागरिकांना न्यायालयात जावे लागले. घालण्याचे बिल निघाले, काढण्याचेही निघणार. या दोन बिलांच्या मधल्या काळात नदीचे जे झाले त्याची बाब कोणत्याही दरसूचीत नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी पुन्हा कोट्यवधींची कामे योजली गेली. त्या प्रत्येक करारनाम्यात बदलाचा अधिकार देणारे कलम कोणत्या ना कोणत्या रूपात असणारच.

सरकारला नावे ठेवणे सोपे आहे, म्हणून आमचे स्वतःचेही सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीच्या दुरुस्तीचे काम एका मिस्त्रीला दिले होते. गिलावा, गच्चीचे जलरोधन आणि रंग एवढाच करार. काम चालू झाले आणि आम्ही सभासद एकेक करून मालक झालो. कोणी म्हणाले, जिन्याचे कठडेही पाहून घ्या. कोणी म्हणाले, पाण्याच्या टाकीचे झाकण बदला. मिस्त्री ‘हो साहेब’ म्हणत गेला आणि एका वहीत पेन्सिलीने लिहीत गेला. अखेरच्या सभेत त्याने ती वही पुढे केली तेव्हा ठरावात नसलेल्या कामाचे पैसे द्यायचे नाहीत, असा मुद्दा निघाला. मुद्दा नियमाला धरून होता. आरामबागच्या खटल्यात सरकारची बाजूही नियमालाच धरून होती. आमच्यापैकी कोणीही कठडे काढून परत देण्याची तयारी दाखवली नाही. पुष्कळ वादानंतर निम्मी रक्कम मंजूर झाली आणि मिस्त्रीने ती मुकाट्याने घेतली. हात वर करणाऱ्यांत आम्हीही होतो.

तेव्हापासून हा विषय आम्हांला केवळ कायद्याचा वाटेनासा झाला. बदलाचा अधिकार मालकाकडे असलाच पाहिजे. पण काम सुरू होण्यापूर्वी चार ओळींत लिहिता येतील अशा गोष्टी त्या अधिकाराबरोबर आल्या पाहिजेत. बदल कोणी मागितला, का मागितला, त्याने किती खर्च आणि किती दिवस वाढतील, आणि ते पैसे कोणाच्या खिशातून येणार. आंतरराष्ट्रीय अभियंता महासंघाने, ज्याला ‘फिडिक’ म्हणतात, १९५७ मध्ये आपला पहिला नमुना करार प्रसिद्ध केला. तेव्हापासून जगभर या कलमांची शब्दरचना सुधारत आली आहे. आपल्या बी-१ मध्येही सात दिवसांची तरतूद आहेच. उणीव मसुद्याची कमी आणि लिहिण्याच्या आळसाची अधिक आहे, आणि या आळसात काहींचा फायदा असतो.

त्या मिस्त्रीच्या वहीत, आम्ही नंतर शांतपणे पाहिले तेव्हा, तारीख होती, काम होते, माप होते आणि प्रत्येक कामापुढे ते सांगणाऱ्याचे नाव होते. दोन ठिकाणी आमचे होते. उरलेल्या निम्म्या रकमेतला आमच्या वाट्याचा भाग आम्ही त्याला पुढच्या दिवाळीत नेऊन दिला. त्याने तो घेतला आणि वहीतल्या त्या दोन ओळींवर रेघ मारली. बाकीच्या ओळी तशाच राहिल्या.